ऑक्टेव्हमध्ये पॅरलल पॅकेज बसत नाही, आणि पारफॉर लिहूनही वेळ तेवढाच

प्रश्न:
उबंटूवर (लिनक्सवर) ऑक्टेव्ह, म्हणजे मॅटलॅबसारखं मोफत गणिती सॉफ्टवेअर, वापरते. उष्णतावहनाचं समीकरण वहनांकाच्या २०० किमतींसाठी सोडवायचंय. एका किमतीला साधारण ४० सेकंद, म्हणजे सगळे मिळून सव्वादोन तास. मैत्रिणीच्या मॅटलॅब कोडमध्ये पाहून फॉरच्या जागी पारफॉर (लूपच्या फेऱ्या एकाच वेळी चालवणारा फॉर) लिहिलं. एरर आली नाही, वाटलं जमलं. वेळ मात्र तेवढाच! टॉपमध्ये (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) ऑक्टेव्हची एकच प्रोसेस दिसते, सीपीयू कधी १०० टक्के (म्हणजे एक कोअर पूर्ण), कधी ३०० च्याही वर. मग पॅरलल पॅकेज टाकायला गेले, तर आधी स्ट्रक्ट पॅकेज हवं. ते टाकताना एमकेऑक्टफाइल सापडत नाही म्हणून अडलं. दोन संध्याकाळी यातच गेल्या. कुठे चुकतंय?

उत्तर:
तुमचं काही चुकलेलं नाही. ऑक्टेव्ह पारफॉर स्वीकारतो तो केवळ मॅटलॅबचा कोड अडू नये म्हणून. चालवतो साध्या फॉरसारखाच. माझाही यात एक अख्खा आठवडा गेला होता, म्हणून कळकळीने सांगतोय. निदान एक सूचना तरी दिसायला हवी होती.

आता इन्स्टॉलेशन. ऑक्टेव्ह फोर्ज या पॅकेज-संग्रहावरून पॅकेज येतं ते सोर्स रूपात आणि तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं. त्याला लागणारं एमकेऑक्टफाइल उबंटूवर वेगळ्या पॅकेजमध्ये असतं: ऑक्टेव्ह-डेव्ह, जुन्या आवृत्त्यांत लिबऑक्टेव्ह-डेव्ह. ते आणि बिल्ड-एसेन्शियल (कंपायलर वगैरे) ॲप्ट या उबंटूच्या कमांडने टाका. मग ऑक्टेव्हमध्ये आधी स्ट्रक्ट, नंतर पॅरलल. दर वेळी ऑक्टेव्ह उघडल्यावर पीकेजी लोड या कमांडने पॅकेज लोड करावं लागतं, हे विसरलात तर पारॲरेफन (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं पॅरलल पॅकेजमधलं फंक्शन) सापडत नाही म्हणेल.

लूपच्या आतला मजकूर एका फंक्शनमध्ये काढा आणि ते पारॲरेफनला द्या. पहिला आर्ग्युमेंट प्रोसेसची संख्या. प्रत्येक किमतीचं उत्तर मॅट्रिक्स असेल तर युनिफॉर्मआउटपुट हा पर्याय फॉल्स ठेवा. फंक्शनने उत्तर परत केलंच पाहिजे. आत एखाद्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये भरून ठेवलंत तर ते मूळ प्रोसेसपर्यंत पोचत नाही, कारण काम फोर्क केलेल्या, म्हणजे मूळ प्रोसेसची प्रत काढून बनवलेल्या, वेगळ्या प्रोसेसमध्ये होतं.

प्रश्नकर्ती:
बसलं! पण ८ प्रोसेस लावल्या तरी एक तास पन्नास मिनिटं लागली. पंखा मात्र सारखा घोंघावत होता.

उत्तर:
तुमच्या पहिल्या पोस्टमधला ३०० टक्क्यांचा आकडा तेव्हाच माझ्या डोळ्यात भरायला हवा होता. तुमचं ऑक्टेव्ह बहुधा ओपनब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीवर चालतंय. मॅट्रिक्सच्या कामाला ते स्वतःच थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) काढतं, सहसा कोअर असतील तेवढे. म्हणजे ८ प्रोसेस गुणिले ८ थ्रेड, एकूण ६४, आणि कोअर आठच. एकमेकांच्या पायात पाय. टर्मिनलमध्ये ओपनब्लास_नम_थ्रेड्स हे व्हेरिएबल १ वर एक्सपोर्ट करा आणि त्याच टर्मिनलमधून ऑक्टेव्ह सुरू करा. ऑक्टेव्ह आधीच उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा. लायब्ररी ही किंमत सुरुवातीलाच वाचते.

आणखी एक वाचक:
विंडोजवाल्यांसाठी: तिथे फोर्कच नाही, त्यामुळे पारॲरेफनवर वेळ घालवू नका. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाकून तिथेच ऑक्टेव्ह चालवा.

प्रश्नकर्ती:
२४ मिनिटं. सगळी २०० उत्तरं आली. पहिली पाच जुन्या लूपच्या उत्तरांशी ताडून पाहिली, जुळतात. उद्या जाळी दुप्पट बारीक करून चालवते. मनापासून आभार.