आफ्रिकेच्या माळावरचा कोळी आणि आपल्या बांधावरचा, एकच काय?

खानापूरकर:
मामेभाऊ दक्षिण आफ्रिकेत कामाला आहे, त्यानं काल व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, मोकळ्या माळावर गुडघाभर गवतात मोठं गोल जाळं आणि मधोमध काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा कोळी, डोकं खाली करून बसलेला. आई बघितल्या बघितल्या म्हणाली हा तर आपल्या बांधावरचाच. खरंच इथं भात पोसवायच्या टायमाला असाच दिसतो, जाळ्यातली पांढरी नागमोडी रेघ पण सेम. जात एकच आहे काय? आणि विषारी आहे काय? शेजारचे काका दिसलं की काठीनं जाळं मोडतात, मला बघवत नाही ते.

निपाणीचा_शेतकरी:
भाऊबंद हायत, पण जात वेगळी. दोन्ही आर्जिओपे वंशातले (जीनस). तिकडचा बहुतेक आर्जिओपे ऑस्ट्रॅलिस, सहाराच्या खाली लई ठिकाणी सापडतो, १८०५ पासून शास्त्रात नोंद हाय. नाव ऐकून ऑस्ट्रेलियाचा समजू नका, लॅटिनमधे ऑस्ट्रॅलिस म्हणजे दक्षिणेकडचा. पोटाच्या कडेला बोटासारखे उंचवटे असतात त्याच्या. आपल्याकडं दिसतो तो आर्जिओपे अनसुजा असावा, त्याची नोंद १८८७ ची, पाय जोडी-जोडीनं ठेवून फुलीसारखा बसतोय बघा.

टिळकवाडी_बेळगाव:
फोटोतली मादी आहे. नर एवढासा असतो की जाळ्याच्या कडेला असला तरी लक्षात येत नाही, आणि मीलनानंतर बऱ्याचदा मादीच त्याला खाते. माणसाला धोका नाही, हातात धरून दाबली तरच चावेल, थोडं दुखेल, बस. काकांना प्लीज सांगा, जाळ्यात नाकतोडा पडला की ती आधी त्याला रेशमात गुंडाळते मग चावते, मी परसात उभी राहून बघितलंय, दोन मिनिटं पण लागत नाहीत. आपल्या भाताचे नाकतोडे ती फुकटात खाते आणि आपण तिचंच घर मोडायचं?

निपाणीचा_शेतकरी:
त्या नागमोडी रेघेवरनं शास्त्रज्ञांच्यात अजून वाद हाय. कोण म्हणतंय किडे ओढायला, कोण म्हणतंय पाखरांनी जाळं फाडू नये म्हणून. आणि जवळ गेलं की ती सगळं जाळं गदागदा हलवते, तिथं बसल्या बसल्या पुसटच दिसायला लागते.

खानापूरकर:
थँक्यू ताई, दादा. काकांना आत्ताच जाऊन सांगतो. मामेभावाला पण मेसेज टाकलाय, पोटाची कड दिसंल असा जवळनं फोटो काढ म्हणून, आला की इथंच टाकतो.