केमो चालू असताना नरक्याची पूड द्यावी का?

चंदगडकर: बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतातही पसरलाय. केमोच्या कागदावर इरिनोटेकान लिहिलंय. गावाकडच्या काकांनी नरक्याच्या लाकडाची पूड आणून दिली. म्हणतात, केमोचं औषध याच झाडातलं, मग थेट झाडच का घेऊ नये? कुणाला माहिती असेल तर सांगा.

रानभाजी_सातारा: दादा, पूड अजिबात देऊ नका. मी वनस्पतींच्या अर्कांवर प्रयोगशाळेत काम करते. काकांच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच जास्त काळजी वाटते. नरक्यात कॅम्पटोथेसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते पहिल्यांदा एका चिनी झाडातून वेगळं केलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, 1966 मध्ये, अमेरिकेत. वाणी आपल्या नंदुरबारचे. पण 1970 च्या दशकात ते रुग्णांना देऊन पाहिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव, भयंकर जुलाब, पांढऱ्या पेशी खाली. चाचण्या थांबवाव्या लागल्या. डीएनएचा पीळ सोडवणारं विकर (एन्झाइम) त्यामुळे डीएनएवरच अडकून पडतं हे 1985 ला उमगलं. जपानमध्ये कॅम्पटोथेसिनचा रेणू बदलून, पाण्यात विरघळेलसं इरिनोटेकान तयार झालं आणि 1996 मध्ये अमेरिकेत याच कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. बाबांना ते मोजूनमापून मिळतंय. पुडीत मूळ कॅम्पटोथेसिन किती आहे ते कोण सांगणार? झाडागणिक फरक पडतो.

निखिल_पुणे: मग हळद? तिने कॅन्सरच्या पेशी मरतात असे कितीतरी शोधनिबंध आहेत.

रानभाजी_सातारा: प्रयोगशाळेतल्या ताटलीत मरतात, हो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एचसीटी-116 पेशींवर आम्हीही अर्क टाकतो. ताटलीतल्या खळ्यांमध्ये एमटीटी नावाचं पिवळं रसायन घातलं की जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळं फिकं पडलं तर पेशी मेल्या असं धरायचं. पण हळदीतलं कर्क्युमिन स्वतः रंगीत, शिवाय पेशी नसतानाही एमटीटीशी त्याची प्रक्रिया होते. म्हणून बिनपेशींच्या खळ्या शेजारी लावल्याच पाहिजेत. निबंध वाचताना मी आधी तेच शोधते. आणि पोटातून रक्तात ते अगदीच थोडं उतरतं. आतड्यात आनुवंशिक पॉलिप (कोंबासारख्या गाठी) असलेल्या 44 जणांची एक चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, वर्षभर. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत पॉलिप ना संख्येने कमी झाले ना आकाराने.

चंदगडकर: ताई, बाबांनी कालच चमचाभर पूड घेतली. आता जुलाब सुरू झालेत.

रानभाजी_सातारा: आत्ताच केमोच्या डॉक्टरांना फोन करा, लागला नाही तर थेट कॅज्युअल्टीत न्या. इरिनोटेकाननेही जुलाब होतात, त्यामुळे पुडीचं सांगितलं नाही तर त्यांना अंदाज यायचा नाही. पुडी सोबत न्या. किती वाजता घेतली, किती वेळा संडासला गेले, ताप आहे का, सगळं लिहून ठेवा. बाबांना घोटघोट पाणी पाजत राहा.

चंदगडकर: ताप 100 आहे. गाडी काढतोय.