मदत हवी आहे : पोर्टलवर गटार झालंय, गावात नाही

मंडळी, आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. ई-ग्रामस्वराजवर (पंचायतींच्या कामांचं-खर्चाचं सरकारी पोर्टल) 15व्या वित्त आयोगाच्या निधीतलं भूमिगत गटाराचं काम 'पूर्ण' दिसतंय, खर्चही पडलाय. जागेवर तीच उघडी चारी, त्यात टोमॅटोचे फुटके क्रेट. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात, "ऑपरेटरची चूक, दुरुस्त होईल." दोन महिने झाले. ग्रामसभेत विचारलं, इतिवृत्तात प्रश्नच नाही! स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवलेत. माहिती अधिकाराच्या ऑनलाइन यादीत आमची पंचायत सापडेना, म्हणून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कागदी अर्ज देतोय. भांडण नकोय, सरपंच भावकीतलेच. कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती), देयकाची प्रत मागतोय. कामाचे अक्षांश-रेखांशवाले फोटो याच अर्जात मागावेत, की पंचायत समितीकडे वेगळा अर्ज लागेल?