मदत हवी आहे: ऊस तुटल्यावर पिवळे धोबी (पक्षी) मुक्कामाला कुठे जातात? (बेळगाव परिसर)

नमस्कार मंडळी,

बेळगावजवळ मार्कंडेय नदीकाठी, कंग्राळी ते कडोलीच्या पट्ट्यात, उसाच्या एका फडात पिवळ्या धोब्यांचा रातथारा सापडलाय. सूर्य मावळायच्या सुमाराला ते थव्याथव्यानं येतात. आधी शेजारच्या शिवारात उतरतात. तिथं भात काढून मसूर पेरलाय, त्या ढेकळांवरून शेपटी हलवत पळापळ चालते. मग तारांवर रांग लागते आणि अंधारू लागलं की एकेक तुकडी उसात शिरते. पक्षी पानाच्या टोकाला बसतो, पान वाकतं, आणि तो घसरत घसरत आत देठाकडे जातो. एवढंच दिसतं, पुढं नुसती चिवचिव. माळभिंगऱ्याही त्याच फडात येतात. परवा एक दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) शेंड्यांना घासून गेला तसा सगळा थवा पुन्हा आभाळात उठला आणि बराच वेळ खाली यायला तयार नव्हता.

आता अडचण. बाजूच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. फडाचे मालक म्हणाले, कारखान्याची तोड आली की हाही जाणार, फेब्रुवारीच्या आत. थांबा म्हणायचा मला हक्क नाही आणि तशी इच्छाही नाही. तोड लांबली की उसाचं वजन घटतं, वर्षाची कमाई आहे त्यांची.

पण मला हे पक्षी मार्च-एप्रिलपर्यंत बघायचे आहेत. सध्या बहुतेक मळकट पिवळे नाहीतर राखाडी दिसतात. परत जाण्याआधी त्यांची पिसं बदलतात, नरांची डोकी रंगतात, आणि कोणता पक्षी कुठल्या पोटजातीचा हे तेव्हाच नीट कळतं. कुणी स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडून आलेला, कुणी सायबेरिया-कझाकस्तानातला, कुणी तुर्कस्तान-इराणकडचा. आपल्या मसुरीच्या वावरात ते शेजारी शेजारी किडे टिपतात, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ती फोटोत बघून भागत नाही.

राकसकोपच्या जलाशयावर बदकं बघायला जातो, जमलं तर धूपदाळलाही. १९७४ साली घोषित झालेलं घटप्रभा पक्षी अभयारण्य तिथं आहे आणि कांड्या करकोच्यांसाठी सगळेच जातात. पण नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी जाता येईल असं ठिकाण हे नदीकाठचंच.

तर विचारायचं ते असं. फड तुटल्यावर हा थवा जवळच्या दुसऱ्या उसात जातो की तळ्यातल्या पाणकणसात? येळ्ळूर-वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याला शहराचं सांडपाणी असतं, त्यामुळं उन्हाळ्यातही ओल टिकते आणि दिवसा धोबी हमखास दिसतात. ते रात्रीही तिथंच राहतात का, कुणी पाहिलंय? आणि डोक्यांचे रंग ओळखताना नेमकं काय बघायचं? दुर्बीण ८×४२ आहे. संध्याकाळी कॅमेऱ्यात नुसत्या सावल्या येतात.

प्रतिसाद, निपाणीहून

भाऊ, मी ऊस करतो म्हणून सांगतो. तुटणारा फड सोडा, आडसाली लावण शोधा. गेल्या जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस मार्चपर्यंत डोक्याच्या वर जातो आणि त्याची तोड पुढच्या हंगामात असते. पाण्याची सोय असलेल्या नदीकाठच्या रानात असा एखादा प्लॉट असतोच. आमच्याकडं वेदगंगेच्या काठाला तोड सुरू झाली की धोबी असल्याच फडात सरकतात, फार लांब जात नाहीत. मालकाला विचारून ठेवा, बांधावरच उभे राहा, आत शिरू नका. पाचटात साप असतात आणि पक्षीही उठतात.

प्रतिसाद, खानापूरहून

डोकी रातथाऱ्यावर बघूच नका, तिथं उजेड मिळत नाही. सकाळी नुकतं पाणी सोडलेलं रान, चालू नांगर किंवा चरणाऱ्या म्हशी गाठा. धोबी पायाशी येतात आणि ऊन पाठीशी घेऊन निवांत बघता येतं.

रंगांवरून पोटजाती अशा: फिकट निळसर-राखाडी डोकं आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई म्हणजे बीमा. गडद राखाडी डोकं, गाल काळपट आणि भुवई नाही, तो थनबर्गी. डोकं मानेपर्यंत काळंकुळीत असेल तर फेल्डेग. पूर्ण पिवळं डोकं दिसलं तर घाई न करता पाठ बघा. पाठ हिरवट असेल तर ल्युटिया. पाठ राखाडी, मानेवर काळा पट्टा आणि पंखावर दोन जाड पांढऱ्या पट्ट्या असतील तर तो पिवळ्या डोक्याचा धोबी, ही जातच वेगळी. मधले अर्धवट रंगलेले पुष्कळ भेटतील, त्यांना नाव द्यायचा अट्टाहास नको. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक निघून जातात, म्हणून मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य हा काळ हातचा सोडू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आडसालीचं डोक्यातच आलं नव्हतं. नदीपलीकडं अलतग्याच्या बाजूला एक कोवळा फड उभा आहे, रविवारी जाऊन लावण कधीची ते विचारतो. मसूर निघाल्यावर पाणी कुणाच्या रानात सुटणार तेही बघून ठेवतो.

बळ्ळारी नाल्याचं मात्र राहिलंच. येळ्ळूर, वडगाव, शहापूर भागातलं कुणी संध्याकाळी त्या बाजूला असेल तर धोबी कुठल्या दिशेनं उडून जातात तेवढं लिहा. दिशा कळली की पुढचं मी शोधतो.