जीआरई: पासपोर्टवर माहेरचं नाव, आणि परीक्षा घरून द्यावी की मुंबईला जाऊन?

पाथर्डीफाटा:
नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकलची, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत सहा वर्षं डिझाइनला आहे. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये परदेशात एमएसला (मास्टर्स डिग्रीला) जायचं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय, घरचे अजून "बघू" म्हणतायत. यादीतल्या चारपैकी दोन विद्यापीठांना जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा लागतेच, आणि दोघांचीही शेवटची तारीख १५ डिसेंबर.

परवा रात्री नोंदणीला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडकले. नाव! पासपोर्ट लग्नाआधीचा. त्यावर माझं आणि वडिलांचं नाव एका ओळीत, दुसऱ्या ओळीत माहेरचं आडनाव. डिग्रीही त्याच नावाने. आधार, पॅन, बँक मात्र सगळं सासरचं. सासूबाईंचं म्हणणं, आधी पासपोर्ट "नीट" करून घे, मग फॉर्म भर.

दुसरी अडचण जागेची. घरून देता येते असं वाचलं. पण फ्लॅट दोन खोल्यांचा, मुलगा साडेतीन वर्षांचा, आणि मागच्या मैदानात जुलैपासून ढोल पथकाचा सराव. नाशिक ढोलचं कौतुक सगळ्या महाराष्ट्राला आहे, फक्त त्याच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहून बघा. संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.

आता मे संपत आलाय. रात्री मूल झोपल्यावर दीड तास मिळतो. सप्टेंबरअखेर द्यायची म्हटली तर जमेल का? नोकरी सांभाळून कुणी दिली असेल तर सांगा.

जेलरोडकर:
ताई, नावाचं आधी सांगतो, बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं. भारतात जीआरईला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच दाखवावा लागतो, आधार-पॅन पुढे केलं तरी उपयोग नाही. त्यामुळे फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तसंच भरायचं. वडिलांचं नाव तुमच्या नावाच्या ओळीत छापलंय ना, मग तेही त्याच रकान्यात. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा काही नियम नाही, आणि तुमची डिग्रीही त्याच नावाची आहे. सासूबाईंना एवढंच सांगा की परीक्षा होईपर्यंत त्याला हात लावत नाही. नोंदणी एका नावाने आणि हातात पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, असं झालं तर दारातूनच परत पाठवतात. फक्त परीक्षेच्या दिवशी मुदत शिल्लक आहे ना, तेवढं बघून ठेवा.

आता घरून द्यायचं. मी पहिल्यांदा घरूनच दिली. खोलीत एकटंच बसायचं, टेबल मोकळं, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची, दार कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे. कच्च्या कामाला साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड, नाहीतर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद आणि पुसता येईल असं पेन. हे सगळं मी जमवलं. फक्त आजीला सांगायचं राहिलं. गणिताचा दुसरा भाग चालू असताना ती दार ढकलून चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडे बघून "कोण गं बाई ही?" म्हणाली. परीक्षा तिथेच संपली. पैसे गेले, वर आजी आठवडाभर रडवेली.

दुसरा प्रयत्न २१ दिवसांनंतरच करता येतो. तो मी मुंबईच्या केंद्रावर दिला. तिथे कच्चे कागद मिळतात, शेजारच्याच्या कीबोर्डचा आवाज सोडला तर त्रास नाही. सकाळचा स्लॉट असेल तर पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका, ती सीएसएमटीला पोचेपर्यंत अकरा वाजत येतात. पावसाळ्यात कसाऱ्याला काय होईल तेही सांगता येत नाही. आदल्या रात्री कुणा नातेवाइकाकडे मुक्काम करा. पुण्याचा नाद नको. सिन्नर, संगमनेर करत जाल आणि चाकणला तासभर उभ्या राहाल.

अजून एक. फी परदेशी संस्थेकडे जाते. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, बँकेच्या अॅपमध्ये आधी चालू करून घ्या. माझं पेमेंट तीनदा आपटलं तेव्हा कळलं.

रात्रपाळी:
घरून परीक्षा चोवीस तास देता येते. पहाटे चारचा स्लॉट घ्या, मूल झोपलेलं, ढोल झोपलेला.

जेलरोडकर:
आणि चार वाजता लाइट गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात झाडाची एक फांदी पडली की तीन तास.

नाशिकरोडची_मावशी:
मावशी म्हणजे वयाने, परीक्षा मी ३८ व्या वर्षी दिली. अभ्यासाचं सांगते.

घरात कुणाची जुनी पुस्तकं असतील तर गणितासाठी वापरा, पण परीक्षेचा ढाचा त्यातून घेऊ नका. सप्टेंबर २०२३ पासून पेपर छोटा झालाय, एकूण १ तास ५८ मिनिटं. एक निबंध ३० मिनिटांचा, मग भाषेचे २७ आणि गणिताचे २७ प्रश्न, दोन्ही दोन-दोन भागांत. पहिला भाग चांगला गेला की दुसरा अवघड येतो. तेव्हा दुसऱ्या भागात घाम फुटला तर खुशाल फुटू द्या. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पॉवरप्रेप म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच सराव चाचण्या, त्यातल्या दोन फुकट आहेत. एक आत्ता, काहीही न वाचता द्या. माझा अंदाज, तुमचं गणित दहावी-बारावीचं आठवलं की सुटेल. तुम्हाला इंग्रजी शब्द छळतील. काही प्रश्नांत तीन गाळलेल्या जागा असतात, दोन बरोबर आणि एक चूक म्हणजे शून्य. मी रोज वीस शब्द चिठ्ठीवर लिहून कंपनीच्या बसमध्ये घेऊन बसायचे. द्वारका सर्कलला बस अडकली की दहा पाठ व्हायचे. हल्ली कुंभमेळ्यासाठी जिकडेतिकडे खणलंय, तुमचे वीसही होतील.

तारखा उलट्या मोजा. अधिकृत गुण यायला ८ ते १० दिवस. दुसऱ्यांदा द्यावी लागली तर मध्ये २१ दिवस. सप्टेंबरअखेर पहिली दिलीत तर दुसरीला ऑक्टोबर-नोव्हेंबर हाताशी राहतो, दिवाळीचा फराळ करूनसुद्धा. मात्र तारीख बदलायची तर चार दिवस आधीपर्यंतच.

पाथर्डीफाटा:
आजी वाचून ऑफिसात हसू आवरेना.

कार्ड चालू केलं, नाव पासपोर्टबरहुकूम भरलं. मुंबईचं केंद्र, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार, दुपारचा स्लॉट. आदल्या रात्री मुलुंडला नणंदेकडे. काल रात्री फुकटची चाचणी दिली. गणित १५८, भाषा १४४. मावशी, तुम्ही ज्योतिष बघता का?

पासपोर्टचं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी तो हातात घेतला, आडनावावर बोट ठेवून जरा वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "फोटोत किती बारीक होतीस गं." आणि कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिला.