मदत हवी आहे: तांदीपुढचं पेट्रोल, साडेतेरा लिटरची टाकी आणि पेट्रोलमधलं पाणी

नमस्कार मंडळी, मी कळव्याचा. गाडी २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. ऑगस्टमध्ये मी आणि माझा खारघरचा मेव्हणा लेहला निघतोय, घोडबंदरवरून अहमदाबाद हायवे, मग उदयपूर, जयपूर करत मनाली. तिथपर्यंत काही टेन्शन नाही, पावलोपावली पंप आहेत. खरी काळजी तांदीच्या पुढची आहे. मनाली-लेह रस्त्यावर केलाँगच्या आधी तांदीला पंप लागतो आणि तिथल्या त्या पाटीचा फोटो सगळ्यांनी बघितला असेल, पुढचा पंप ३६५ किमीवर.

माझी गाडी हायवेला सामान लादून ३३-३४ देते. बारालाचा, गाटा लूप्स, तांगलांग ला असे घाट चढायचे म्हणून मी २७ धरलं, तर १३.५ लिटरमध्ये ३६४ किमी होतात! आणि पाटी म्हणते ३६५. मेव्हण्याची इंजेक्शनवाली गाडी आहे, १५ लिटरची टाकी, तो निवांत आहे, झोप माझीच उडालीय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मागच्या दिवाळीत आम्ही कच्छला गेलेलो, भुज, खावडा, धोलावीरा. रात्री एका हायवेच्या पंपावर टाकी फुल केली, तेव्हा बाजूला टँकर खाली होत होता, मी लक्षच दिलं नाही. चाळीसेक किलोमीटर गेलो आणि गाडी झटके द्यायला लागली, मग बंद. अंधार, आजूबाजूला वस्ती नाही, बायको मागे बसलेली. टॉर्च धरून कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू सोडला आणि निघालं ते पाण्याच्या बाटलीत घेतलं तर खाली वेगळा थर दिसत होता. चार वेळा काढलं तेव्हा कुठे चालू झाली. कच्छमध्ये निभावलं पण साडेचार हजार मीटरवर सरचू-पांगच्या मधे असं झालं तर थंडीत काय करणार, म्हणून विचारतोय:

किती जादा पेट्रोल घ्यावं आणि कशात न्यावं, कारण बाटलीत सुट्टं पेट्रोल द्यायला पंपवाले नाही म्हणतात. ढाब्यांवर बाटलीतलं मिळतं म्हणे, ते घ्यावं का. आता सगळीकडे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय आणि माझी गाडी त्याच्या आधीची, काही बदलून घेऊ का. एक मित्र म्हणतो शंभर ऑक्टेन भर, सगळे प्रश्न मिटतील, खरंय का?

प्रतिसाद (ऐरोली)

दादा, मी या रस्त्याने दोनदा गेलोय, दोन्ही वेळा कार्बोरेटरवाली गाडी. आधी अंतराचं बघा. ३६५ हे साधारण लेहपर्यंतचं आहे, कारूचा पंप लेहच्या ३५ किमी अलीकडे लागतो. तरीपण पाच लिटर जादा घ्याच, वर हवा विरळ होते तसं कार्बोरेटर जास्त पेट्रोल ओढतो, प्लग काळा पडतो आणि २७ चे २५ कधी होतात कळत नाही. मधे कुठे पंप झालाय असं कोणी सांगितलं तरी त्याच्या भरवशावर राहू नका. डबा धातूचा, घट्ट झाकणाचा घ्या आणि काठोकाठ भरू नका. उंचावर झाकण उघडताना फुस्स होतं, हळू उघडा, आणि जवळ कोणी सिगरेट ओढत नाही ना बघा. जमलं तर तो डबा मेव्हण्याच्या गाडीवर बांधा, मागे वहिनी बसणार असतील तर नक्कीच. कायद्याचं म्हणाल तर पेट्रोलियम कायदा १९३४ नुसार विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत लायसन लागत नाही, डब्याच्या अटी मात्र आहेत. ढाब्यावरचं बाटलीतलं मी शेवटचा उपाय म्हणूनच धरतो.

आता पाण्याचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतं, आणि कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, तिथूनच ओढतो. फिल्टर पेपर पंपावर मागा, द्यावाच लागतो, थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळ समजा, पण पाणी त्यात कळत नाही. त्यासाठी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत घालायच्या काठीला पेस्ट लावतात, पाणी लागलं की पेस्टचा रंग बदलतो, ते तपासलंय का विचारायला लाजू नका. टँकर खाली होत असेल तर पुढचा पंप बघा, किंवा थोडा वेळ थांबा, तळाचा गाळ ढवळला जातो.

शंभर ऑक्टेनने पाणी जात नाही. जास्त ऑक्टेन नॉकिंग, म्हणजे पेट्रोल इंजिनात अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबवतं, तुमच्या गाडीचं कॉम्प्रेशन (इंजिन हवा-पेट्रोल किती पट दाबतं ते) साडेआठ आहे, तिला गरज नाही, आणि उंचीवर तर त्याहून कमी. त्या पैशात पेट्रोल पाइप, कॉकचं रबर आणि फ्लोट बाउलची (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीची) ओ-रिंग नवीन टाका, जुनं रबर इथेनॉलने फुगतं. एअर फिल्टर साफ करून घ्या, काढून टाकू नका. आणि गाडी बंद पडली की लगेच कार्बोरेटर उघडू नका, आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत गेल्याचा आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर झाकणाचं छिद्र बुजलंय, पेट्रोल चांगलंच आहे.

कळव्याहून

झाकणाचं मला माहीतच नव्हतं, आजच खाली जाऊन बघितलं, छिद्रात पॉलिशचा मेण अडकलेला होता, तारेने साफ केलं. रबरं रविवारी बदलून घेतो. पाच लिटरचा पत्र्याचा डबा ठाणे स्टेशनजवळ कुठे मिळेल, कोणी घेतला असेल तर सांगा.