मरणोत्तर अवयवदान: अर्ज भरण्याआधीच्या शंका

अर्ज भरायचा आहे, पण मन अडतंय. नोंदणी असलेल्या माणसाच्या उपचारात डॉक्टर हात आखडता घेतात का? देह विद्रूप होतो का? आणि घरी मृत्यू झाला तर काही देता येतं का?

उत्तर १: उपचार करणारे आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर वेगळे असतात. हृदय, यकृत यांसारखे अवयव सहसा मेंदूमृत्यूनंतर, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्यावर घेतात आणि तो अंदाजाने ठरत नाही. बाहुल्यांवर प्रकाश टाकतात, बुबुळाला स्पर्श करतात, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर थांबवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. तरीही छाती हलली नाही, तरच निदान पक्कं. कोमात मेंदू जिवंत असतो; कोमा आणि मेंदूमृत्यू यांची गल्लत कृपया करू नका.
छेद छातीपासून पोटापर्यंत एकच, नीट टाके घालून बंद करतात. कपड्यांखाली दिसत नाही.

उत्तर २: घरी मृत्यू झाला तर हृदय, यकृत देता येत नाही, पण नेत्रदान होतं. साधारण ६ तासांत नेत्रपेढीचं पथक यायला हवं. तोवर पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. बुबुळ कोरडं पडलं की निरुपयोगी. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सहसा आड येत नाही.

उत्तर ३: खरी अडचण घरात येते. अवयवदात्याचं कार्ड पाकिटातच राहतं आणि नातेवाईक नाही म्हणाले, तर बहुतेक ठिकाणी डॉक्टर थांबतात. म्हणून घरच्यांशी आधीच बोला. कोणते अवयव, हेही स्पष्ट सांगा. देहदानही करायचं असेल तर आधी विचारा; अवयव काढलेला देह वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत, नेत्रदान मात्र चालतं.